खालच्या ओळीतलं नाव

लघवीला उभा राहिलो आणि झालीच नाही. चाळिशी ओलांडल्यावर याचं काही फार नवल नाही, पण त्या सकाळी कारण वेगळं होतं. लुकरियो परटाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एक रांजण कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला असतो. त्याची मान फोडून तोंड रुंद केलेलं असतं. येणाऱ्याजाणाऱ्याने तिथे मोकळं व्हावं आणि परटाला लोकरीचे कपडे धुवायला मूत मिळावं, अशी सोय रोमच्या या बंदरात, ओस्तियात, गल्लोगल्ली आहे. स्नानाला जाताना मी रोज तिथे थांबतो. जुना रांजण आदल्या दिवशी कुणाच्या तरी गाडीचं चाक लागून फुटला, म्हणून लुकरियोने कुठल्याशा उकिरड्यावरून दुसरा आणून पुरला होता. मी अंगरखा वर धरला, खाली पाहिलं, तर रांजणाच्या खांद्यावर माझं अक्षर. पहिल्या अक्षराची शेपटी ओळीखालून लांब ओढत न्यायची आणि टोकाशी जरा वर उचलायची, हे खूळ अख्ख्या गादेसमध्ये, माझ्या जुन्या बंदरात, माझ्या एकट्याचं होतं. वरच्या ओळी मानेबरोबर फुटून गेल्या होत्या. माल कोणता, प्रत कोणती, किती वर्षं मुरलेला, यातलं काही उरलं नव्हतं. खालची तेवढी एक ओळ शाबूत होती. चाखणारा, बलिथो. काजळी, डिंक आणि माकुलाची काळी शाई घोटून मी ती शाई करायचो, आणि ती जन्मात जाणार नाही म्हणून मिरवायचो. गेली नव्हतीच. मागे उभा असलेला हमाल म्हणाला, काका, आटपा की, आम्हालाही लागलीय. मी तसाच बाजूला झालो आणि तो माझ्या जागी उभा राहिला. त्याच्या धारेचा आवाज ऐकत मी भिंतीला हात टेकून उभा होतो.

स्नानाला गेलो नाही. उलट पावली घराकडे वळलो आणि अर्ध्या वाटेत थांबलो, कारण घरात अरिशुत होती. अरिशुत म्हणजे बलिथोकाकांची मुलगी. तिच्या नवऱ्याचं, गुडुदचं, जहाज आठ दिवसांपूर्वी गादेसहून खारवलेली मासळी आणि गारुम, म्हणजे मुरवलेल्या मासळीचं खारं पाणी, घेऊन आलं होतं, आणि या खेपेला तीही आली होती. माझ्याकडेच उतरली होती. दुसरीकडे उतरायचा प्रश्नच नव्हता, कारण गेली बावीस वर्षं मी त्या घरचा मोठा मुलगा असल्यासारखा वागत आलोय. दर वर्षी शेवटच्या जहाजाने काकांना एक रांजण पाठवतो, माझ्या दुकानातलं सगळ्यात उंची गारुम, बांगड्याचं, फुलाच्या म्हणजे पहिल्या प्रतीचं. गादेसच्या माणसाला गादेसचाच माल परत पाठवायचा, लोक हसतात, पण मला दुसरं काही सुचलं नाही. अरिशुतने आल्या दिवशी माझ्या पाया पडून सांगितलं, दादा, तुमच्यासारखं कुणी आठवण ठेवत नाही. मी तिला उठवलं आणि म्हणालो, त्यात काय मोठंसं. ते वाक्य आता रस्त्याच्या मधोमध आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

खरं तर सांगण्यासारखं फार काही घडलेलं नाही. गादेसला आमच्या वखारीत कामाची एक रीत होती. टाक्यांमध्ये मासळी आणि मीठ दोन-तीन उन्हाळे मुरवायचं, मग गाळून पाणी वेगळं काढायचं. टाकी उघडायच्या दिवशी काका उपाशीपोटी यायचे. कांदा नाही, दारू नाही, आदल्या रात्रीपासून नुसती पाव-भाकरी. करंगळीच्या नखावर थेंब घ्यायचे, जिभेच्या मागच्या बाजूला टेकवायचे, समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे, मग थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे. फूल. नाहीतर दुय्यम. नाहीतर, गुलामांना द्या. त्या एका शब्दावर मालकही वाद घालत नसे. रांजणावर लिहायचं काम माझं. काकांचा शब्द मी मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कुंचला उचलायचा, असा नियम होता. शेवटी खालच्या ओळीत चाखणाऱ्याचं नाव. रोममधला कुणी सावकार ते नाव वाचून डोळे मिटून माल घ्यायचा. काका स्वतः निरक्षर होते, पण आपलं नाव तेवढं चित्रासारखं ओळखायचे, आणि जाता जाता रांजणावरून बोट फिरवायचे. मी त्या वेळी एकवीस वर्षांचा, मालकाचा गुलाम, अक्षर चांगलं म्हणून उन्हातल्या कामातून सुटलेला. काका मला मिग्या म्हणायचे. मिग्या, तुझं अक्षर पाहून मासा परत जिवंत होईल रे, असं एकदा म्हणाले होते. मी ते चारचौघांत सांगत फिरलो होतो.

तर रांजण एकदा भरला की त्याची मान तेलकट होते आणि शाई धरत नाही. नियम काही का असेना, घाई असली की मी कोरड्या रांजणांवर वरच्या ओळी आधीच लिहून ठेवायचो. सहाव्या टाकीचं फूल निघणार असं सगळेच धरून चालले होते. मेल्कार्त देवाच्या जत्रेचा दिवस होता, माणसं सकाळपासून पळालेली, जहाज संध्याकाळच्या वाऱ्यावर निघणार. मी एकटा अंगणात बसून चाळीस रांजणांवर लिहिलं. फूल, उत्तम, तीन वर्षांचं. त्या दिवशी हाताला काय झालं होतं कोण जाणे. एकही अक्षर डगमगलं नाही. चाळीसच्या चाळीस एकसारखे, नुसतं बघत राहावं. मग काका आले, त्यांनी थेंब घेतला, समुद्राकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाले, दुय्यम. मी मोठ्याने म्हणालो, दुय्यम. ते जत्रेला गेले. मी खरवडायचा दगड हातात घेतला आणि पहिल्या रांजणासमोर बसलो. लोक समजतील मला जत्रेची घाई होती, किंवा कुणी पोरगी वाट बघत होती. ते कारण असतं तर मी बावीस वर्षांत कधीतरी कुणाला तरी सांगितलं असतं, हसण्यावारी नेलं असतं. मला ते अक्षर खरवडवेना, एवढंच. इतकं सुंदर माझ्या हातून परत होणार नाही असं वाटलं, आणि झालंही नाही. दगड ठेवला, माल भरून घेतला, आणि प्रत्येकाच्या खालच्या ओळीत काकांचं नाव लिहिलं. तेही सुंदरच आलं.

वसंतात रोमहून पत्र आलं. माल साफ दुय्यम आहे आणि बलिथोच्या नावावर आम्ही फसलो, असं त्यात होतं. मालक ओरडला नाही, त्याने नुसतं पत्र काकांसमोर वाचायला लावलं, आणि वाचणारा मी. दुपारी मी शाई घोटत बसलो होतो तेव्हा काका माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, मिग्या, तू परत म्हणून दाखवलं होतंस ना, मग तुला आठवत असेल. मी काय म्हणालो होतो?

मी म्हणालो, "फूल म्हणालात काका."

त्यांनी दोन बोटांनी आपली जीभ बाहेर ओढली आणि खाली नजर वळवून ती बघायचा प्रयत्न केला, म्हातारी माणसं पायातला काटा बघतात तशी. मग म्हणाले, असेल, वय झालं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. मालकाने त्यांना मिठागरावर टोपल्या मोजायला बसवलं आणि त्यांचं नाव पुन्हा कधी रांजणावर आलं नाही. माझं अक्षर मालकाला इतकं आवडलं की त्याने मला ओस्तियाच्या दुकानात पाठवलं, पुढे मुक्त केलं, आपल्या घराण्याचं नाव दिलं. आज मी पेतिलियस मिग्गिन आहे, व्यापाऱ्यांच्या मंडळात माझी बसायची जागा ठरलेली आहे. चाळीसपैकी एक रांजण कुणाच्या तळघरातून, कुणाच्या उकिरड्यावरून फिरत फिरत लुकरियोच्या कोपऱ्यावर यायला बावीस वर्षं लागली.

घरी गेलो तर अरिशुत चुलीपाशी हरभरे शिजवत होती. गुडुद बंदरावर गेला होता, परवा निघायचं होतं, त्यानंतर आठवड्याभरात हिवाळ्यासाठी समुद्र बंद. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि गप्पा सुरू केल्या. ही बाई बोलते फार आणि हसते त्याहून जास्त. म्हणाली, दादा, तुम्हाला एक सांगू का, रागावणार नाही ना, तुम्ही पाठवता ते गारुम बाबा कधी उघडत नाहीत. सगळं शेजारीपाजारी वाटतात. म्हणतात, माझ्या जिभेवर कशाला वाया घालवायचं. हे ती हसत हसत सांगत होती. आणि म्हणाली, आमटीत मीठ पडलंय का तेसुद्धा मला विचारतात हो, मी म्हणते पडलंय, मग जेवतात. एकदा मी मुद्दाम मीठ घातलं नाही आणि घातलंय असं सांगितलं, तर गपगुमान जेवले. मग मलाच रडू आलं. हे सांगतानाही ती हसायला गेली, पण ते तिला नीट जमलं नाही. मी पावाचा तुकडा तोंडात घोळवत बसलो. हरभऱ्याला तिने घातलेलं मीठ अगदी बेताचं होतं.

कारण जीभ तिच्याकडे आली आहे. बापाची जशीच्या तशी. ती आली होती तीच त्यासाठी. आमची जुनी वखार आता दुसऱ्या मालकाकडे गेलीय, चाखणारा म्हातारा वारलाय, आणि अरिशुतने सहा टाक्या ओळीने चाखून दाखवल्या, एकही चुकली नाही. कारभारी म्हणाला, बाई असलीस तरी चालेल, पण तू बलिथोची. जीभ रक्तातून येते, आणि ती जीभ एकदा खोटी पडलेली आहे. कुणा मातबराचा शब्द आण, मग बघू. मातबर म्हणजे मी. चार दिवसांपूर्वी मी तिला पत्र लिहून दिलं, माझ्या हाताने, चांगल्या पपायरसवर. लिहिताना ती शेजारी उभी होती आणि अगदी भीत भीत म्हणाली होती, दादा, बाबांबद्दलही एक ओळ घालाल का, की त्या एका वेळी सोडून ते कधी चुकले नाहीत. मी घातली. शब्द तिचेच घातले. त्या एका वेळी सोडून. आणि त्यावर वाळू टाकून, झटकून, अक्षर कसं आलंय ते बघत बसलो. सकाळी भिंतीला टेकून उभा होतो तेव्हा मला बावीस वर्षांपूर्वीचं आधी आठवलं नव्हतं. हे आठवलं होतं. तेव्हा पोरगेला होतो, गुलाम होतो, म्हणता येईल काहीही. चार दिवसांपूर्वी मी कोण होतो?

जेवण झाल्यावर मी काय केलं, तर एक चिंधी आणि खरवडायचा दगड घेऊन लुकरियोच्या कोपऱ्यावर गेलो. सांगायलाही लाज वाटते, पण मला ते नाव पुसायचं होतं. काकांची विटंबना थांबवायची म्हणून, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि ते धादांत खोटं होतं हे तेव्हाच कळत होतं. ती अजून दोन दिवस इथे होती, त्या रस्त्याने जायची, वाचता येत नसलं तरी बापाचं नाव तीही चित्रासारखं ओळखत असेल तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी गुडघे टेकून घासू लागलो. नाक फाटून जात होतं. पहिल्या अक्षराच्या शेपटीचं टोक जरा पुसट झालं, बस. लुकरियो दारात आला, कंबरेवर हात ठेवून. त्याला वाटलं मी रांजण धुतोय. पेतिलियसशेठ, म्हणाला, इतकी सेवा कुणी करत नाही हो, मंडळाच्या निवडणुका आल्या का? दोन-तीन जण हसले. मीही हसलो. हसताना हात थांबला आणि मग तो काही केल्या परत चालेना. चिंधी तिथेच टाकून मी घरी आलो आणि अरिशुतला म्हणालो, शाल घे, तुला काहीतरी दाखवायचंय.

वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. एकही जुळलं नाही. ती म्हणत होती, बाजारात नेताय का, माझ्यासाठी काही घेऊ नका हां. कोपऱ्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. मी बोट दाखवलं. ती वाकली, आणि माझी भीती खरी ठरली, तिने ओळखलं. चेहरा उजळला. अगं बाई, हे तर बाबांचं, असं म्हणत तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, अगदी ते फिरवायचे तसं. मग बोट ओलं लागलं, तेव्हा तिने वास घेतला आणि रांजण कशासाठी आहे ते तिच्या ध्यानात आलं. तिने बोट शालीला पुसलं. तिला वाटलं असेल जगात असंच असतं.

"वरच्या ओळी फुटल्यात," मी म्हणालो. "तिथे मी फूल लिहिलं होतं. तुझे बाबा दुय्यम म्हणाले होते."

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. ते दुय्यम म्हणाले, मी ऐकलं, मोठ्याने म्हणून दाखवलं, आणि तरी आधी लिहिलेलं खरवडलं नाही. पुढे त्यांनी विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं. का, असं तिने विचारलं नाही. मला वाटतं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, अक्षराचं सांगता आलं असतं, जराशी लाज तरी कमी झाली असती. तिने चोळीतून माझं पत्र काढलं, घडी उलगडली, आणि माझ्यासमोर धरलं. त्यातली ती ओळ कुठे आहे, विचारलं. मी बोट ठेवलं.

"म्हणजे परवापरवासुद्धा," ती म्हणाली.

एवढंच. तिने पत्राचे चार तुकडे केले आणि रांजणात टाकले. मग पदर खोचला, दोन्ही हातांनी रांजणाची कड धरली आणि हलवून हलवून तो जमिनीतून उपटला. मूत रस्त्यावर सांडलं, दगडांतून वाहत गटाराकडे गेलं. लुकरियो बोंबलत बाहेर आला, कालपासूनची जमा गेली म्हणून. अरिशुतने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यांना काय हवं ते देऊन टाका, एवढं मला म्हणाली, आणि रांजण कडेवर घेऊन चालू लागली. मी लुकरियोला दुकानातले दोन चांगले रांजण कबूल केले आणि तिच्या मागे मागे गेलो. कारंज्यावर पाणी भरणाऱ्या बायकांनी नाकाला पदर लावले, शिव्या दिल्या. ती शांतपणे राखेने रांजण आतून घासत होती. तीन पाण्यांनी धुतला. वास गेला नाही.

दुकानात आल्यावर तिने रांजण माझ्या लिहायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, वरचं तुम्ही फोडलंत, आता तुम्हीच लिहा. मी म्हणालो, रांजण परटाने फोडला. तिने कुंचला माझ्यापुढे सरकवला. मग मी शाई घोटायला बसलो. ओस्तियाला आल्यापासून रांजणावर कुंचला लावला नव्हता. माझ्या मालावर खालच्या ओळीत व्यापारी म्हणून माझं नाव असतं, पण ते आता गादेसलाच कुणी दुसरा लिहितो. आणि लिहिणाऱ्याचं नाव तर रांजणावर कधीच नसतं. मी काकांच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं. बलिथो दुय्यम म्हणाला. फूल मी लिहिलं. मिग्गिन. ओळ खाली उतरत गेली, दोन अक्षरं एकमेकांवर चढली, शेपटी तर फाटलीच. इतकं घाणेरडं अक्षर मी शिकत असतानाही काढलं नसेल. माझा हात आपोआप दगडाकडे गेला. अरिशुतने दगड उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "कारभारी वाचेल. बाबांना मी वाचून घेऊन सांगेन."

शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो. बाहेर हमालांची ये-जा चालली होती. मग मी विचारलं, मी येऊ का जहाजावर, समोर बसून त्यांना सांगतो, पाय धरतो. मला खरंच जायचं होतं. तिने जरा विचार केला, रागाने नाही, घरातली अडचण सोडवावी तसा.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही समोर गेलात तर ते तुम्हालाच धीर देत बसतील."

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी ती गेली. गुडुद माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, त्याला तिने सांगितलं होतं की नाही ते कळलं नाही. रांजण तिने गोण्यांत न ठेवता आपल्या अंथरुणापाशी ठेवला होता, आणि खलाशी वासावरून कुरकुरत होते. वसंतात समुद्र उघडेपर्यंत काही कळायचं नाही. काका ऐंशीच्या घरात आहेत. या वर्षी मी गारुम पाठवलं नाही.

लुकरियोला कबूल केलेले दोन रांजण त्याने दुसऱ्याच दिवशी येऊन नेले. त्यातल्या एकाची मान फोडून तो त्याने कोपऱ्यावर पुरला. वरच्या ओळी गेल्या, खालची राहिली. तीत माझं नाव आहे, पेतिलियस मिग्गिन, कुणा नवख्याच्या बऱ्या अक्षरात. नाव भिंतीकडे करून पुरायला मी त्याला सांगू शकलो असतो, सांगितलं नाही. सकाळी तिथे चार-पाच जण तरी असतात, मी त्यांच्या मागे उभा राहतो, आणि माझी पाळी आली की पुढे होतो.